मागे राहिलेल्या घराचा हिशेब

पुणे, ठाणे, नाशिक, मुंबईची उपनगरे इथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी आपला पहिला फ्लॅट घेतला, त्यांच्यातले पुष्कळ जण आता दुसऱ्या घरी राहायला निघाले आहेत. मुले मोठी झाली, एक खोली जास्त हवी झाली. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला गुडघ्यांना झेपेनासा झाला. नोकरी बंगळूरला किंवा हैदराबादला गेली. नवे घर निवडताना ही माणसे सहा-सहा महिने घालवतात. घरामागून घरे बघतात, पाण्याची वेळ विचारतात, बँकांचे व्याजदर ताडून पाहतात. जुन्या घराचे काय करायचे हे मात्र सामान बांधायच्या गडबडीत ठरते, किंवा ठरतच नाही. ‘सध्या राहू दे, मग बघू’ असे म्हणून किल्ली शेजाऱ्यांकडे दिली जाते आणि लाखोंची मालमत्ता पडून राहते. काही महिन्यांनी मेंटेनन्सचे बिल खुपायला लागते. मग कुणीतरी भाड्याने देण्याचा विषय काढते आणि घरातले ज्येष्ठ बजावतात की भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही. माझे म्हणणे असे आहे की, भाडेकरूची ही भीती महाराष्ट्रात बव्हंशी कालबाह्य झाली आहे. धास्ती घ्यायचीच तर ती उशिराची घ्यावी. जुने घर ठेवायचे की विकायचे या निर्णयाला एक मुदत असते. ती फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती चुकली तर कित्येक वर्षांच्या भाड्याएवढी रक्कम हातची जाते.

ज्येष्ठांची भीती मात्र हवेतून आलेली नाही. तिला पक्का इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण भाडे मानले आणि पुढची पाच दशके ते जवळजवळ तिथेच थांबले. गिरगाव, काळबादेवी, दादर इथल्या चाळींत भाडेकरूचा हक्क बापाकडून मुलाकडे जात राहिला, भाड्याच्या पैशांतून गळके छप्परही दुरुस्त होईना, आणि या कोंडीतून पागडीचा व्यवहार फोफावला. या कायद्यामुळे लाखो गिरणीकामगारांच्या आणि कारकुनांच्या डोक्यावर छप्पर टिकले, हेही तितकेच खरे आहे. पण मालकांनी त्यातून वाट काढली. घर ‘भाड्याने’ देण्याऐवजी त्यांनी ते वापरण्याची नुसती परवानगी, म्हणजे लायसन्स, द्यायला सुरुवात केली. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे लायसन्स चालू होते त्या सर्वांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. थोड्या काळासाठी म्हणून ज्यांनी विश्वासाने घर दिले होते, त्यांना ते परत मिळण्याची आशा एका तारखेने संपली. त्या पिढीने घेतलेला धडा साधा होता: रिकामे घर परवडले, दिलेले घर नको. आज जे आपला फ्लॅट कुलूपबंद ठेवतात, त्यांना १९७३ ची दुरुस्ती माहीत नसेल, पण आई-वडिलांकडून आलेला धडा पाठ असतो.

तो धडा ज्या कायद्यामुळे मिळाला तो कायदा आता अस्तित्वात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने लिव्ह अँड लायसन्सच्या व्यवहाराला वेगळा, स्वच्छ रस्ता करून दिला. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेले घर मुदत संपताच परत करावे लागते. केले नाही तर मालकाला नेहमीच्या दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेला असतो. मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य झाले असे धरले जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे, ते या कार्यवाहीत निर्णायक पुरावा मानले जाते. ‘आम्ही खरे तर भाडेकरू होतो, लायसन्स नावापुरते होते’ हा जुना बचाव इथे चालत नाही.

या संरक्षणाला एक अट आहे आणि ती मालकानेच पाळायची आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अजूनही बरेच जण पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरीची सही घेतात आणि अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी लागत नाही असे समजतात. अकरा महिन्यांची ही रीत केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली आहे. तिथे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र लायसन्स अकरा महिन्यांचे असो की छत्तीस, नोंदणी टळत नाही. इतिहासातल्या भीतीने घर कुलूपबंद ठेवणारा माणूस आणि हजार-दोन हजार वाचवण्यासाठी नोटरीवर भागवणारा माणूस, हे दोघेही त्याच कायद्याकडे पाठ फिरवतात.

नोंदणी आता फार कटकटीची राहिलेली नाही. मुंबई-पुण्यात एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. मालक, राहायला येणारा आणि दोन साक्षीदार आधार क्रमांक देऊन अंगठा लावतात, फोटो निघतो आणि कागद दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन जातो. मुद्रांक शुल्क किती, तर एकूण भाडे आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. महिना २५,००० रुपये भाडे आणि एक लाख डिपॉझिट असलेला तीन वर्षांचा करार घेतला, तर ९ लाख भाडे आणि ३०,००० मानीव व्याज मिळून ९ लाख ३० हजार. त्यावर मुद्रांक शुल्क २,३२५ रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे वेगळे. घराच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते. हे अर्धवट ऐकलेले कायद्याचे ज्ञान आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याची तरतूद आहे खरी, पण तो ताबा मालकाच्या हक्काला उघडपणे झुगारून असावा लागतो. जो मालकाच्या परवानगीने आत आला, दर महिन्याला पैसे देतो आणि दर मुदतीला नव्या करारावर अंगठा लावतो, त्याचा ताबा कितीही वर्षे चालला तरी परवानगीचाच राहतो. अशा दाव्याला जागा मिळते ती ज्या घराकडे किंवा जमिनीकडे मालक वर्षानुवर्षे फिरकत नाही तिथे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कायदा कागदावर जलद असला तरी प्रत्यक्षात महिने जातात. हे मान्य करायला हवे. प्राधिकाऱ्यांपुढे कामाचा बोजा असतो, तारखा पडतात, निर्णयाविरुद्ध पुनरीक्षणाचा अर्जही करता येतो. म्हणून डिपॉझिट नावापुरते घेऊ नये. निदान तीन-चार महिन्यांचे भाडे आणि रंगाचा खर्च त्यातून निघेल इतके घ्यावे. म्हणूनच राहायला येणाऱ्याच्या आधीच्या घरमालकाला एक फोन करावा, पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरावी, आणि करार संपण्याच्या दोन महिने आधी पुढचे बोलून घ्यावे. आयुष्यभराची अडकवणूक ही १९७३ ची भीती होती; आजची जोखीम काही महिन्यांच्या मनस्तापाची आहे. ती मोजता येते आणि डिपॉझिटने झाकताही येते.

आता कुलूपबंद घराकडे वळू, कारण सुरक्षित पर्याय म्हणून लोक त्याकडेच बघतात. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने हा आकडा पुढे आणला. त्यानुसार सर्वाधिक रिकामी घरे महाराष्ट्रात, सुमारे २० लाख, आणि त्यातली जवळजवळ ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती. त्याच अहवालाने दाखवले की शहरांतल्या एकूण घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. ज्या शहरात नोकरीसाठी आलेली मुले-मुली एका खोलीत चार-चार खाटा टाकून राहतात, त्याच शहरात लाखो घरांच्या खिडक्या वर्षभर बंद असतात, ही गोष्ट मला फक्त आर्थिक वाटत नाही. ती आपल्या शहरांच्या तब्येतीची आहे.

पण मालकाच्या स्वार्थापुरते बघितले तरी बंद घर महाग पडते. एक पावसाळा बंद राहिलेला फ्लॅट उघडून बघा. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधले पाणी आटलेले असते, त्यामुळे ड्रेनेजची दुर्गंधी आणि झुरळे सरळ घरात आलेली असतात. पश्चिमेच्या भिंतीला ओल आलेली, कपाटाच्या प्लायवूडचा खालचा कोपरा फुगलेला, आतल्या गाद्यांवर हिरवट बुरशी. नळाचे वॉशर कडक होऊन गळू लागलेले, इन्व्हर्टरची बॅटरी पार उतरलेली. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा सांधा ठिबकत असेल तर ते पहिल्यांदा कळते खालच्या मजल्यावरच्यांना, त्यांच्या छताला डाग पडल्यावर. राहत्या घरात हे दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येते आणि प्लंबर तीनशे रुपयांत काम करून जातो. बंद घरात त्याला चार महिने मिळतात. मेंटेनन्स आणि मिळकतकर मात्र बंद घरालाही चुकत नाहीत. पूर्वी दुसऱ्या बंद घरावर मानीव भाडे धरून आयकर लागत असे. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून दोन घरे स्वतःच्या वापरातली दाखवता येतात आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यासाठीच्या अटीही सैल केल्या. ही सवलत चांगलीच आहे, पण तिने घर बंद ठेवण्याचा उरलासुरला टोचणारा खर्चही काढून घेतला, आणि टोचणी गेली की निर्णय आणखी लांबतो.

मग भाड्याने द्यावे का? बंद ठेवण्यापेक्षा नक्कीच. पण खरी निवड ‘भाडे की कुलूप’ अशी नसून ‘भाडे की विक्री’ अशी आहे, आणि तिथे आकडेमोड केल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. कोथरूडमधला एक दोन बेडरूमचा जुना फ्लॅट धरू. विकला तर ९० लाख येतील, भाड्याने दिला तर महिना २५,००० मिळतील असे समजू. वर्षाचे तीन लाख, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्क्यांहून किंचित जास्त. आपल्या मोठ्या शहरांत हे प्रमाण साधारण २ ते ४ टक्क्यांच्या दरम्यानच असते. बहुतेक मालकांचा हिशेब इथेच थांबतो. तो पुढे न्यायला हवा. एक राहणारा गेला आणि दुसरा आला, यात दर वर्षी सरासरी पंधरा दिवस तरी घर रिकामे राहते: १२,५०० गेले. मेंटेनन्स आपल्याकडे सहसा मालकच भरतो. महिना ३,००० धरले तर ३६,०००. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासनआदेशाने ते मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली आहे, म्हणून वर्षाला २,४०० धरू. (यापेक्षा जास्त आकारणाऱ्या सोसायट्या आजही आहेत, त्यांना हा आदेश दाखवावा.) पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, घर भाड्याने गेले की ती जाते, कर १५,००० धरू. एजंटची दलाली एक महिन्याचे भाडे, अडीच वर्षांतून एकदा: वर्षाला १०,०००. तीन वर्षांनी रंग, प्लंबिंग, गिझर मिळून पन्नासेक हजार, म्हणजे वर्षाला १७,०००. नोंदणीचे १,५००. हातात उरले सुमारे २ लाख ५ हजार.

त्यावर आयकर. मिळालेल्या भाड्यातून मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती कमी होवो की जास्त. आपल्या उदाहरणात करपात्र रक्कम १ लाख ९१ हजारांच्या आसपास येते. उपकरासह २०.८ टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला सुमारे ४०,००० कर बसेल. राहिले १ लाख ६५ हजार: नव्वद लाखांवर १.८ टक्के. हाच आकडा कागदावर लिहून समोर ठेवायचा. भाडे पंचवीस हजार वाटते. मालकाच्या पदरात महिन्याला चौदा हजारांच्या आत पडतात.

तुलना कशाशी करायची हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे. ज्याने नव्या घरासाठी ८-८.५ टक्क्यांनी कर्ज काढले आहे त्याच्यापुढे उत्तर अगदी उघड असते. जुने घर विकून ते कर्ज फेडले तर साडेआठ टक्के व्याज वाचते, कोणत्याही जोखमीशिवाय. घर ठेवले तर १.८ टक्के मिळतात. म्हणजे घर ठेवणे फायद्याचे ठरण्यासाठी त्याची किंमत दर वर्षी साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढायला हवी, तीही दर वर्षी, न चुकता. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा अखिल भारतीय निर्देशांक अलीकडच्या वर्षांत साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या पट्ट्यात वाढला आहे. शहराशहरांत, वस्तीवस्तीत फरक असतो. मेट्रोचे स्थानक शेजारी आले तर चित्र बदलते. पण तीस वर्षे जुन्या, पार्किंग अपुऱ्या असलेल्या इमारतीची किंमत नव्या गृहसंकुलाच्या वेगाने वाढेल असे धरून चालणे धाडसाचे आहे. कर्ज नसलेल्याचा हिशेब मऊ असतो. मुदत ठेवीवर साडेसहा टक्के मिळाले आणि त्यावर कर भरला तर हातात पाच टक्क्यांच्या आसपास राहतात. तिथे घराची किंमत सव्वातीन टक्क्यांनी वाढली तरी बरोबरी होते. शिवाय भाडे महागाईबरोबर वाढते, ठेवीचे व्याज वाढत नाही. म्हणून कर्जमुक्त, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने घर भाड्यासाठी ठेवले तर त्याला मी चूक म्हणणार नाही.

‘पण घर असले की कर वाचतो’ असे काही जण सांगतात. जुन्या करप्रणालीत भाड्याच्या घराच्या कर्जाचे व्याज भाड्यातून वजा करून, उरलेला तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. आता मूळ पर्याय असलेल्या नव्या प्रणालीत तो तोटा पगारातून वजा होत नाही. व्याजाची वजावट भाड्याच्या उत्पन्नापुरतीच उपयोगी पडते. कर वाचवण्यासाठी दुसरे घर ठेवण्याचे कारण त्यामुळे फारसे उरलेले नाही.

मुदतीचा मुद्दा याच कराच्या पोटात आहे, आणि त्यासाठीच हे प्रकरण लिहावेसे वाटले. राहते घर विकून झालेला भांडवली नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर त्यावर कर लागत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. त्यातली तारखांची अट मात्र माहीत नसते. नवे घर जुन्याच्या विक्रीआधी एका वर्षाच्या आत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी केलेले असावे लागते. बांधून घ्यायचे असेल तर विक्रीनंतर तीन वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावे लागते. आता आपला नेहमीचा क्रम आठवा: आधी नवे घर घेतो, तिथे राहायला जातो, मग जुन्याचे बघतो. म्हणजे नवे तयार घर घेतल्या दिवसापासून बारा महिने उलटले की ती खरेदी सवलतीसाठी निरुपयोगी होते. त्यानंतर जुने विकले तर कर वाचवायला तिसरे घर घ्यावे लागेल किंवा कर भरावा लागेल.

हा कर किती असतो? कोथरूडचा तोच फ्लॅट २००३ मध्ये १२ लाखांना घेतला होता असे धरा. नफा ७८ लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे: पावणेदहा लाख. त्या तारखेच्या आधी घर घेतलेल्या निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना मार्ग निवडता येतो. या उदाहरणात त्यानेही जवळजवळ तेवढाच आकडा येतो. उपकर आणि अधिभार धरला की दहा लाखांच्या वर. निव्वळ भाडे वर्षाला १ लाख ६५ हजार. म्हणजे ‘दोन वर्षे भाड्याने देऊ, मग विकू’ म्हणणारा माणूस दोन वर्षांत सव्वातीन लाख मिळवतो आणि सहा वर्षांच्या निव्वळ भाड्याएवढा कर ओढवून घेतो. ज्यांनी घर अलीकडे, म्हणजे २०१० नंतर वगैरे, चढ्या भावात घेतले आहे, त्यांना निर्देशांकाचा मार्ग बराच आधार देतो आणि त्यांचे नुकसान कमी असते. वाडवडिलांकडून आलेल्या किंवा फार पूर्वी घेतलेल्या घराला ही तारीख सगळ्यात जास्त बोचते. बिल्डरकडून बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असेल तर त्याला खरेदी मानायचे की बांधकाम, आणि तारीख कोणती धरायची, यावर वाद होतात. तिथे सल्ला सीएचाच घ्यावा, आणि विक्रीच्या आधी घ्यावा.

यावरून सरसकट ‘विका’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. बदलीवर दोन-तीन वर्षांसाठी गेलेला आणि नव्या गावी भाड्याने राहणारा माणूस नवे घर विकत घेतच नाही, त्यामुळे त्याच्यामागे वर्षाची मुदत लागत नाही. त्याने निर्धास्तपणे घर लायसन्सवर द्यावे आणि परतावे. इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर असेल तर थांबण्यात अर्थ आहे. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाने सभासदांच्या ५१ टक्के संमतीवर पुनर्विकास पुढे जाऊ शकतो, आणि मोठे नवे घर मिळण्यातला फायदा भाड्याच्या हिशेबात कधीच दिसत नाही. पण पुनर्विकासाची नुसती चर्चा आणि विकसकाशी झालेला नोंदणीकृत करार यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते, हे पुण्या-मुंबईत कुणाला सांगायला नको. महाविद्यालयांजवळची किंवा आयटी कंपन्यांजवळची एका खोलीची लहान घरे किमतीच्या मानाने जास्त भाडे देतात. तिथे वरची आकडेमोड पुन्हा करून बघावी, उत्तर वेगळे येऊ शकते.

परदेशी गेलेल्यांची अडचण निराळी. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मालकाला भाडे देताना भाडेकरूने ३१.२ टक्के कर कापून सरकारजमा करायचा असतो. भारतात राहणाऱ्या मालकाच्या बाबतीत हीच कपात महिना ५०,००० रुपयांच्या वरच्या भाड्यावर आणि फक्त २ टक्के असते. जास्तीचा कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण भाडेकरू एवढ्या कटकटीत पडायला नाखूश असतो. विक्रीच्या वेळी निर्देशांकाचा पर्यायही अनिवासींना नाही. आणि रात्री अकरा वाजता टाकी वाहू लागली तर धावून जाणारे इथे कुणी तरी लागते. ते कुणी तरी बहुधा सत्तरीतले आई-वडील असतात. त्यांच्यावर एक घर सांभाळण्याचे काम टाकताना त्यांना एकदा मनापासून विचारावे.

शेवटचा आक्षेप हिशेबाबाहेरचा आहे: याच घरात मुले वाढली, ते विकवत नाही, मुलांना उपयोगी पडेल. या भावनेला मी कमी लेखत नाही. ज्यांना ती इतकी तीव्र आहे त्यांनी घर ठेवावे. वर्षाला काही लाखांचा परतावा सोडून देण्याची मुभा त्यांना आहे, फक्त किती सोडतो आहोत तो आकडा एकदा लिहून काढावा. मुलांना मात्र आताच विचारावे. पुण्यात वाढलेली पण बंगळूरमध्ये स्थिरावलेली मुलगी कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर परत येणार आहे का, हे तिला विचारल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ती नाही म्हणाली तर विकलेल्या घराचे पैसे तिच्या घराच्या कर्जाला लागू शकतात, आणि बहुधा तेच तिच्या जास्त उपयोगी पडतील.

नव्या घरावर कर्ज असेल, जुने घर जुन्या काळी स्वस्तात घेतलेले असेल आणि परतायचे नक्की नसेल, तर माझे मत विक्रीच्या बाजूने आहे, आणि तीही वर्षाच्या आत. बाकी सगळ्यांनी नोंदणीकृत करार करून घर राहत्या माणसांच्या हाती द्यावे. कुलूप हा पर्याय कुणासाठीच नाही. ग्राहक शोधणे, सोसायटीची कागदपत्रे, खरेदीदाराच्या बँकेचे कर्ज यांत चार-सहा महिने सहज जातात, तेव्हा विकायचे असेल तर हालचाल पहिल्या सहामाहीतच सुरू व्हायला हवी. नव्या घराचे खरेदीखत झाले असेल तर ते कपाटातून काढून त्यावरची तारीख आजच बघा. वर्ष त्या तारखेपासून मोजले जाते.